चौथं कार्ड

“नऊ लिहू का?” टेंभुर्णेने वरून विचारलं.

मी वाळूच्या खड्ड्यात उभी होते. एन.सी.सी.चे कॅनव्हासचे बूट वाळूने भरले होते, वेणी सुटून तोंडावर आली होती आणि बॉल माझ्या पायाशी होता. बराच वेळ तो तिथेच होता.

“अकरा झाले,” मी म्हटलं.

“अकरा बरं नाही दिसत. नऊ कसं, घरंदाज दिसते. आणि तुमचं कार्ड तर फेकायचंच आहे ना जी.”

“अकरा म्हणजे अकरा.”

“पण बॉल तर अजून खड्ड्यातच आहे.”

“मग अकरासुद्धा लिहू नका. थांबा.”

त्या होलला शेवटी चौदा लिहावे लागले. टेंभुर्णेने ते लिहिले, पेन्सिल कानावर खोचली आणि आभाळाकडे पाहिलं. मी बूट काढून वाळू झटकली.

गोल्फचा हा रिवाज मला आजही नवलाचा वाटतो. आपले फटके आपण लिहायचे नसतात. बरोबर खेळणारा प्रतिस्पर्धी आपल्या कार्डावर लिहितो, आपण त्याच्या कार्डावर लिहितो, आणि शेवटी दोघांच्या सह्या होतात. लग्नात दोन्हीकडच्या व्याह्यांनी एकमेकांच्या पंगती मोजाव्यात तसं. भांडणं फार व्हायला हवीत, पण होत नाहीत. का होत नाहीत ते मला कुणी सांगितलं नाही.

विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत प्रत्येक कॉलेजचे चारजण खेळायचे. चौघांची कार्डं जमा करायची, त्यांतली चांगली तीन घेऊन बेरीज करायची, आणि सगळ्यांत वाईट चौथं कार्ड बाजूला टाकायचं. ज्यांची बेरीज कमी त्यांचा कप. आमच्या संघातली चौथी मी. राजारामपंत कॉलेजच्या संघातला चौथा श्याम टेंभुर्णे. म्हणून आमची जोडी लावली होती आणि सगळ्यांच्या शेवटी सोडली होती. फेकायची दोन कार्डं, एकमेकांना सांभाळत, लष्करी छावणीच्या माळावरून चालली होती.

आता मी तिथे कशी पोचले ते सांगते.

आमच्या मुलींच्या कॉलेजला त्या वर्षी एका लाकडाच्या व्यापाऱ्याने सागवानी कपाट देणगी दिलं. काचेच्या दारांचं, आत दोन फळ्या, वर पितळी पाटी. पाटीवर ‘क्रीडा पारितोषिके’ असं कोरलेलं होतं. कपाट प्राचार्या मुंडलेबाईंच्या खोलीसमोर ठेवलं गेलं. पारितोषिकं नव्हती. कॉलेज निघाल्यापासून आम्ही कशातच काही जिंकलं नव्हतं. रिकामं वाईट दिसतं म्हणून आत प्लास्टरची सरस्वती ठेवली. व्यापारी एकदा नातीची फी भरायला आला तेव्हा कपाटासमोर उभा राहिला, सरस्वतीला नमस्कार केला आणि काही न बोलता गेला. मुंडलेबाईंना ते लागलं.

त्यांनी देवपुजारी मॅडमना बोलावलं. देवपुजारी मॅडम आमच्या खेळाच्या शिक्षिका. बत्तीस वर्षांच्या, उंच, काटक, पायांत कायम पांढरे बूट. नेमणूक तात्पुरती. दर जूनला त्यांना नवं पत्र मिळायचं, आणि मिळेपर्यंत त्यांची म्हातारी आई महाल वस्तीतल्या दोन खोल्यांत देव पाण्यात घालून बसायची. आधीच्या दोन कॉलेजांतून त्या अशाच, जूनचं पत्र न आल्यामुळे, सुटल्या होत्या.

त्या दिवशी विमल उमाठे फीमाफीच्या अर्जासाठी दाराबाहेर उभी होती. त्यामुळे आत काय झालं ते अख्ख्या होस्टेलला कळलं.

“देवपुजारी,” मुंडलेबाई म्हणाल्या होत्या, “मार्चपर्यंत त्या कपाटात एक कप आला तर तुमची नेमणूक मी कायम करून घेते. नाही आला तर खेळाची जागाच बंद करू. संगीत विभाग केव्हाचा तबलजी मागतोय.”

“कुठल्या खेळाचा कप, बाई?”

“मला त्यातलं काय कळतं? कप असला म्हणजे झालं. दोन कानांचा असावा.”

मॅडमनी तक्रार केली नाही. त्यांनी विद्यापीठातून सगळ्या स्पर्धांची माहिती आणली आणि कुठल्या खेळात सर्वांत कमी कॉलेजं उतरतात ते पाहिलं. कबड्डीत एकवीस. खो-खोत अठरा. गोल्फमध्ये दोन. मुलींची वेगळी स्पर्धा नव्हती, पण मुलींनी उतरू नये असं नियमात कुठे लिहिलेलंही नव्हतं. तसं लिहावं लागेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मॅडमनी अर्ज भरला. तीन कॉलेजं झाली.

मग त्यांनी चार मुली शोधल्या. विमल उमाठे हॉकी खेळायची, ती आलीच. काळमेघ बहिणी शेतावर वाढलेल्या, दोघींचे हात खणखणीत. चौथी मिळेना. एका बुधवारी मॅडम होस्टेलच्या मेसमध्ये देखरेखीला आल्या. त्या पंगतीतून सावकाश फिरल्या आणि माझ्या ताटापुढे थांबल्या. मी ढेमशाच्या भाजीचा शेवटचा घास खात होते.

“नाव काय तुझं?”

“प्रमिला हरकरे.”

“काही खेळतेस का?”

“नाही, मॅडम.”

“कधी खेळली होतीस?”

“लहानपणी सागरगोटे.”

“चालेल. उद्या सकाळी सहाला मैदानावर ये.”

त्यांनी मला का घेतलं ते मला कळलं नाही. विमलच्या मते चौथीचं कार्ड फेकूनच देतात, त्यामुळे कुणीही चाललं असतं. मला ते पटलं. हिवाळाभर आम्ही सायकलींवरून छावणीत जायचो. तिथल्या गोल्फ क्लबने अडगळीतल्या जुन्या काठ्या दिल्या होत्या. मॅडम एका हातात पुस्तक धरून शिकवायच्या, कारण त्यांनीही हा खेळ आधी पाहिलेला नव्हता. विमलला त्या खांदे कसे फिरवायचे ते सांगत, काळमेघ बहिणींना मनगटं. मला त्यांनी सगळ्या हिवाळ्यात एकच गोष्ट सांगितली.

“हरकरे, बॉल भोकात पडेपर्यंत हात लावायचा नाही. कितीही फटके लागोत. कुणीही काहीही म्हणो.”

“बरं, मॅडम.”

“काय सांगितलं?”

“हात लावायचा नाही.”

असं हे शिक्षण. त्याच्या जोरावर मी त्या खड्ड्यातून वर आले.

तो कोर्स लहान होता. नऊ होल, ते दोनदा खेळायचे. चित्रांत दिसते तशी हिरवळ वगैरे काही नव्हतं. भोकाभोवती वाळू पसरून तिला जळकं तेल पाजलेलं असायचं, काळसर तपकिरी आणि वासाची. शेवटचे फटके मारण्याआधी फळी लावलेला एक दांडा ओढून बॉलपासून भोकापर्यंत वाट सारखी करून घ्यायची. अंगण सारवल्यासारखं ते दिसायचं. तेवढं काम मला चांगलं जमत होतं.

टेंभुर्णेने दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच होलला खेळ सोडला होता. त्याचा बॉल बाभळीच्या काट्यांत गेला. त्याने दोनदा आत हात घातला, दोनदा ओरखडे काढून घेतले, तिसऱ्यांदा बॉल मिळाला तो सरळ खिशात टाकला.

“बस. झालं आपलं.”

“असं चालतं?” मी विचारलं.

“न चालायला काय झालं? आमचे तिघं आहेत ना. कर्नलचा पोरगा एकटाच पुरे. मी तर हजेरी माफ होते म्हणून आलो.”

“पण मी तुमच्या कार्डावर काय लिहू?”

“रेघ मारा.”

मी रेघ मारली. पट्टी नव्हती, त्यामुळे जरा तिरकी आली.

मला वाटलं तो आता जाईल. पण माझे फटके लिहायला कुणीतरी लागणारच होतं, म्हणून तो काठ्यांची पिशवी खांद्यावर टाकून माझ्याबरोबर चालत राहिला. वाईट मुलगा नव्हता. भूक लागली होती त्याला. क्लबच्या ओसरीवर आलुबोंडे तळत होते आणि वारा नेमका आमच्याकडे होता.

“तुम्हालेही भूक लागली असंल,” तो म्हणाला.

“लागली आहे.”

“मग उचला ना बॉल. कोण पाहून राहिलं इथं? तुमच्याही तिघी झाल्या खेळून. आलुबोंडे संपले म्हणजे मंग फक्त चटणी राहते.”

“मॅडमनी सांगितलंय, हात लावायचा नाही.”

“काहून?”

“ते नाही सांगितलं.”

त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“आमचे सर तर मैदानावर आलेच नाहीत,” मग तो म्हणाला. “मोटारसायकलवर उतरवून दिलं अन् चालले गेले सासुरवाडीले.”

पुढच्या एका होलला मी बॉलवर काठी फिरवली आणि ती बॉलला लागलीच नाही. टेंभुर्णेने माझ्याकडे पाहिलं.

“हा धरायचा का?”

“मारायचा होता ना मला. धरा.”

“तुमच्यासारखी बाई नाही पाहिली, बाप्पा,” तो म्हणाला आणि त्याने तो धरला. तेव्हापासून मात्र त्याने कमी लिहू का असं विचारलं नाही. उलट मीच एकदा सात म्हटलं तर म्हणाला, “आठ. झाडाले लागून परत आला होता तो इसरल्या तुम्ही.” आठ होते.

शेवटच्या होलला आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं आणि सगळे ओसरीवर बसले होते. खेळून झालेले, बक्षिसं पाहायला आलेले, आणि मधल्या खुर्चीवर बक्षिसं द्यायला बोलावलेल्या एक पाहुण्याबाई, मांडीवर पर्स घेऊन. समोर टेबलावर कप. दोन कानांचा होता. टेबलाशेजारी क्लबचे सेक्रेटरी मेजर राजेशिर्के फळ्यापाशी खडू घेऊन उभे. आमच्या दोघांशिवाय बाकीची कार्डं जमा होऊन तपासायला गेली होती. देवपुजारी मॅडम ओसरीवर नव्हत्या. त्या शेवटच्या भोकापासून थोड्या अंतरावर, उन्हात, पांढऱ्या बुटांवर सरळ उभ्या होत्या.

माझा बॉल त्या तपकिरी वाळूवर यायलाच तयार नव्हता. एकदा अलीकडे राहिला. एकदा पलीकडे गेला. ओसरीवर कुणीतरी मोठ्याने मोजायला लागलं, आणि मग बरेचजण मोजायला लागले. शाळेत पाढे म्हणतात त्या सुरात. सहा झालं. सात झालं. राजारामपंत कॉलेजच्या एका मुलाने विचारलं, “बाई, मुक्कामाला आल्या का?” सगळे हसले. टेंभुर्णे हसला नाही. तो बोटांवर मोजत होता.

मेजरसाहेब ओसरीवरून खाली आले. भला माणूस, पांढऱ्या मिशांचा.

“बेटी, राहू दे आता,” ते म्हणाले. “उचल बॉल. पाहुण्याबाईंना चारची गाडी आहे. तुझ्या कार्डाने तसाही फरक पडत नाही.”

खुद्द मेजरसाहेब सांगत होते. मी वाकले. माझी बोटं बॉलपासून वीतभर अंतरावर होती.

“हरकरे,” मॅडम म्हणाल्या. एवढंच. आवाज चढलेला नव्हता. पण मी मान वर करून पाहिलं तर त्यांनी हातातली छत्री दोन्ही मुठींत घट्ट धरली होती आणि त्यांच्या ओठांवर रंग नव्हता. कपासाठी त्या उभ्या आहेत हे मला ठाऊक होतं. पण कप विमल आणणार होती, काळमेघ बहिणी आणणार होत्या. माझ्याकडे त्या अशा का पाहताहेत ते मला समजेना.

मी सरळ झाले. “सर, मला हात लावायचा नाहीये,” मी मेजरसाहेबांना म्हटलं.

“कुणी सांगितलं?”

“मॅडमनी.”

मेजर मॅडमकडे वळले. मॅडमनी मान किंचित लववली, लग्नात आहेराला ‘असू द्या’ म्हणताना लववतात तशी. फौजेतला माणूस, हुकूम एकदा दिलेला असला की त्याला तो समजतो. ते बाजूला झाले.

मी फळीचा दांडा घेतला आणि वाट सारखी केली. घाई केली नाही. ओसरीवरचे मोजायचे थांबले होते, पाहुण्याबाई घड्याळ पाहत होत्या. मी काठी धरली, मारलं, आणि बॉल माझ्या सारवलेल्या वाटेने गेला आणि भोकाच्या काठाशी थांबला. पुन्हा मारलं. पडला.

“बारा,” टेंभुर्णेने जाहीर केलं आणि लिहिलं. मग त्याने बेरीज केली, ती दोनदा तपासली, आणि सही करून कार्ड माझ्या हातात दिलं. एकशे एक्क्याण्णव. त्या क्लबवर इतके फटके आधी कुणाला लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी त्याच्या कार्डावर सही केली. नऊ होल, मग माझी तिरकी रेघ.

ओसरीवर मला एक आलुबोंडा मिळाला. विमलने लपवून ठेवला होता. मी तो खात असताना मेजरसाहेबांनी बेरजा फळ्यावर लिहिल्या. तिसरं कॉलेज फार मागे होतं, ते तिघंच आले होते. आम्ही तीनशे सत्तावीस. राजारामपंत कॉलेज तीनशे सत्तावीस.

मेजरसाहेबांनी खडू खाली ठेवला, चष्मा लावला आणि खिशातून नियमांचा कागद काढला. तो त्यांनी बराच वेळ वाचला. मग ते फळ्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले.

“बरोबरी झाल्यास,” त्यांनी मोठ्याने वाचलं, “दोन्ही संघांचं चौथं कार्ड पाहावं. ज्याचे फटके कमी, तो संघ विजयी.” थोडं थांबून ते म्हणाले, “चौथी कार्डं कुठे आहेत?”

दोन्ही टेबलावर ठेवली गेली. त्यांनी माझं पाहिलं. एकशे एक्क्याण्णव. राजारामपंत कॉलेजची पोरं टाळ्या पिटायला लागली, कारण त्याहून वाईट खेळणं माणसाला शक्य नव्हतं. मग त्यांनी दुसरं कार्ड पाहिलं.

“ही रेघ कुणाची?”

“माझी, सर,” मी म्हटलं. तोंडात आलुबोंडा होता.

“ही का मारली?”

“त्यांनी सांगितली म्हणून.”

“टेंभुर्णे, पुढचे नऊ होल तू खेळलास का?”

टेंभुर्णे उभा राहिला. कर्नलचा मुलगा त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होता. “चाललो सगळे, सर,” तो म्हणाला. “खेळलो नाही.”

“मग हे कार्डच नाही,” मेजर म्हणाले. त्यांनी फळ्यावर आमच्या कॉलेजच्या नावापुढे एकशे एक्क्याण्णव लिहिलं आणि राजारामपंत कॉलेजच्या पुढे एक रेघ मारली. त्यांची सरळ आली.

पाहुण्याबाई पटकन उठल्या. त्यांना गाडी गाठायची होती. कप विमलने घेतला. संघातल्या प्रत्येकाला वेगळं बक्षीस होतं, ते आधीच आणून ठेवलेलं होतं: दाढीचं सामान. डबी, ब्रश, साबण आणि आरसा. पाहुण्याबाईंनी पहिली डबी माझ्या हातात ठेवली, तिच्यावरचं चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अभिनंदन.” माझ्या वडिलांनी तो ब्रश पुढे कितीतरी वर्षं वापरला. पाहुण्यांना सांगायचे, मुलीने जिंकलेला आहे.

टेंभुर्णे निघताना माझ्यापाशी आला.

“नऊ लिहू दिलं असतं तरी तुम्हीच जिंकल्या असत्या,” तो म्हणाला.

“हो ना.”

“मंग?”

“मग काही नाही.”

“आलुबोंडा भेटला ना?”

“भेटला.”

“मले नाही भेटला,” म्हणाला आणि गेला.

परतताना सायकली बसच्या टपावर टाकल्या होत्या. कप काळमेघ बहिणींच्या मध्ये, सीटवर, तिकीट न काढता बसला होता. मॅडम माझ्या शेजारी होत्या. छावणी मागे पडली. मीच विचारलं.

“मॅडम, तो नियम तुम्हाला माहीत होता?”

“अर्ज भरताना वाचला होता.”

“मग मला सांगितला का नाही?”

“सांगितला असता तर तू प्रत्येक फटक्याला कप आठवत बसली असतीस. तिघींना तेच होतं. पाहिलंस ना, बरोबरीत आल्या.” त्यांनी छत्रीची मूठ रुमालाने पुसली. “चार महिने माझी आई मला विचारतेय, तुझा भरवसा कुणावर आहे? मी सांगायचे, आहे एक मुलगी.”

“पण मीच का, मॅडम? मला तर काहीच येत नव्हतं.”

“खेळता येणाऱ्या तीन मिळाल्या होत्या. मला मध्येच न सोडणारी एक हवी होती. ती मैदानावर कुठे दिसणार? म्हणून मेसमध्ये आले. ढेमशाची भाजी होती त्या दिवशी. पाण्यात पोहणारी, मिठाचा पत्ता नाही. साठ मुली जेवत होत्या. एकोणसाठ ताटांत ती तशीच पडली होती.” त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, “तुझं ताट स्वच्छ होतं. मी म्हटलं, नावडतं ताटात आलं तरी जी शेवटपर्यंत संपवते, ती हीच.”

कप कपाटात मावला नाही. एक फळी काढावी लागली आणि सरस्वती मुंडलेबाईंच्या टेबलावर गेली. मुंडलेबाई शब्दाच्या पक्क्या होत्या. मार्चमध्ये मॅडमचं पत्र आलं आणि त्यानंतर दर जूनला देव पाण्यात घालायचं कारण राहिलं नाही. पुढच्या वर्षी राजारामपंत कॉलेजने चारही जण खेळवले आणि कप घेऊन गेले. सरस्वती पुन्हा कपाटात आली. पण जागा कायम झाली ती झाली. देवपुजारी मॅडम त्या कॉलेजातूनच, साठाव्या वर्षी, निवृत्त झाल्या.

निरोपाच्या जेवणाला त्यांनी जुन्या मुलींना बोलावलं होतं. मी दोन नातवंडांची आजी होते तोपर्यंत. पानात जिलबी होती, मसालेभात होता आणि एका बाजूला, का ते कुणालाच कळलं नाही, ढेमशाची भाजी होती. मॅडमनी मुद्दाम सांगून करवली होती. वाढप्याच्या हातून पळी घेऊन त्यांनी ती माझ्या पानात स्वतः वाढली. मी संपवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरून आले, आणि पुन्हा वाढली. तीही संपवली.

ढेमसं मला लहानपणापासून आवडतं. आमच्या आईच्या हातचं, तर फारच. हे मॅडमना सांगायचं मी त्या दिवशी बसमध्ये ठरवलं होतं, पण त्या इतक्या शांत झोपल्या होत्या, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, की राहून गेलं.